ठिपका ड्रायव्हरकडे

४ नोव्हेंबर, शुक्रवार

आले — दोघंही! चिमीचा फोन आला तेव्हापासून ती एकटीच येणार असं मी धरून चाललो होतो. तसं कुणी म्हणालं नव्हतं, माझं मीच ठरवून टाकलं होतं. टॅक्सीचं दार उघडलं आणि आधी उतरला तो. जावई. दोन्ही हातांत बॅगा. दातांच्या डॉक्टरला एवढी रजा मिळतेच कशी? लोकांच्या दाढा दुखायच्या थांबल्या की काय!

चपला काढता काढताच मला म्हणतो, "बाबा, गिअरबॉक्स कुठाय? चिमीनं सगळं सांगितलंय."

चिमी! अरे, ते नाव मी ठेवलंय. ती जेमतेम रांगत होती तेव्हा. मी आणि तिची आई सोडून ते कुणी घेत नाही. म्हणजे घेत नव्हतं. आणि गिअरबॉक्सशी याचा संबंध काय? याने दाढा काढाव्यात.

गॅरेजात बेडकी उभी आहे. हिरवी, बुटकी, जेमतेम दोन माणसांची स्पोर्ट्स कार, वयानं चिमीपेक्षा मोठी. चिमीचं लग्न झालं आणि लगेच हिचा क्लच गेला, वर गिअरबॉक्स तेल गाळायला लागला. दोघींनी संगनमत केल्यासारखं. मी सगळं खाली उतरवलं. गिअरबॉक्स उघडून धुतला, सील बदललं, नवी क्लच प्लेट आणून ठेवली. फक्त परत बसवायचा राहिला. तेव्हापासून तो बाकावर जुन्या चादरीखाली आहे. "मेकॅनिकला बोलवा," असं सांगून सांगून बायको थकली. माझं एकच — "चिमी आली की बसवू."

कारण ते काम आमचं आहे. ती फ्रॉक घालायची तेव्हापासून मी गाडीखाली आणि ती जॅकपाशी. आणि खरं सांगायचं तर — इथे नाही सांगायचं तर कुठे सांगू — मला घाई नव्हतीच. तो बाकावर आहे तोवर लेकीला घरी यायला काम आहे. एकदा बसला की संपलं. मग फोनवर "औषध घेतलंस का" आणि "ठेवू का".


५ नोव्हेंबर, शनिवार

गाडी चार लोखंडी घोड्यांच्या टेकूंवर चढवली. चढवली म्हणजे त्या दोघांनी. मी नुसता "जरा डावीकडे, जरा उजवीकडे". चौकातला पोलीस!

मग मी म्हटलं, आता सरका, मी जातो खाली. पाठीवर झोपलो, आत सरकलो, पाना घ्यायला हात वर केला आणि डोळ्यांपुढे काजवे. खांदा वर्षभर आखडलाय. हे फक्त बायकोला ठाऊक आहे आणि तसंच राहायला हवं. पण तोंडातून आवाज गेला तो गेलाच.

"काय झालं, बाबा?" चिमीनं वाकून विचारलं.

"काही नाही. झुरळ."

"तू कधीपासून झुरळांना घाबरायला लागलास?"

यावर दातवाला म्हणाला, "बाबा, मी जाऊ का खाली? माझी उंची कमी आहे, मला तिथे सोपं पडेल." उंची कमी! माझ्याहून बोटभर जास्तच असेल. पण मी निघालो बाहेर. काय करणार, हात वरच जात नव्हता.

खाली गेल्यावर त्यानं खिशातून काय काढावं? दात तपासायचा आरसा! तो छोटा, गोल, लांब दांड्याचा. कपाळाला दिवा बांधला आणि इंजिनाच्या मागच्या फटीत आरसा घालून म्हणतो, "हं, आ करा. मोठ्ठा." चिमी हसता हसता जमिनीवर बसली. मी एवढी वर्षं गाडीखाली काढली, तिला एकदाही असं हसवलं नाही. हसवायला कोण गेलं होतं तिथे? मी काम करायला जायचो.

ती फट मी आजवर बोटांनी चाचपत आलोय. त्याला आरशात लख्ख दिसली. "बाबा, हा आरसा तुम्हाला ठेवून जातो." नको मला. मला चाचपून येतं.


६ नोव्हेंबर, रविवार

आज चिमीनं त्याच्या हातात तेरा नंबरचा पाना दिला. त्यानं मागितला नव्हता. नुसता हात मागे केला होता.

जेवण गेलं नाही.


७ नोव्हेंबर, सोमवार

आज जिंकलो! लिहितोच सविस्तर.

आमच्या घरात ठिपका म्हणजे ठिपका. चिमी लहान असताना मी पाण्याचा पंप उलटा बसवला होता आणि दिवसभर स्वतःलाच शिव्या देत होतो. तर ही पोरगी आईची गुलाबी नेलपॉलिशची बाटली घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, काढायच्या आधी आपण याला टिकली लावू." तेव्हापासूनचा कायदा आहे. कुठलाही भाग उतरवायचा तर आधी त्याच्यावर गुलाबी ठिपका, गाडी चालवणाऱ्याच्या दिशेला जी बाजू असेल तिच्यावर. ठिपका ड्रायव्हरकडे. नवा भाग आणला की जुन्याशी ताडून त्यालाही तसाच ठिपका. बेडकी बाहेरून हिरवी असली तरी आतून गोवर आल्यासारखी दिसते.

तर नवी क्लच प्लेट. ताटलीएवढी चकती, तिच्या मधोमध भोक. एका बाजूला भोकाभोवती उंचवटा, दुसरी बाजू जवळजवळ सपाट. उलटी बसली की क्लच कामातून गेला. तिच्यावर ठिपका द्यायचं काम माझ्याकडे. निदान तेवढं तरी! जुनी प्लेट बाकावर पडली होती. तिच्या शेजारी नवी तशीच ठेवली, बाटली उघडली, आणि गाडीखालून दोघं खिदळली. दोघं! चिमीही आत शिरली होती. तिथे दोन माणसांना जागा होते हे मला आज कळलं. काय बोलली ते ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं नाही म्हणून माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. दिला ठिपका, वाळायची वाट पाहिली आणि प्लेट नेऊन त्याच्या हातात आदळली.

तो प्लेट हातात घेऊन घुटमळला. "बाबा, हा उंचवटा इंजिनाकडे जातोय. इकडे नको का यायला?"

मी म्हटलं, "ठिपका कुठे आहे?"

"ड्रायव्हरकडे."

"मग झालं तर! जावईबापू, तुमच्या दवाखान्यातलं मला कळत नाही. पण या घरात ठिपका चुकत नाही."

त्यानं चिमीकडे पाहिलं. मीही पाहिलं. एखादा निकाल ऐकायला उभा असल्यासारखं. आणि माझी पोरगी म्हणाली, "अरे, ठिपका बाबानं दिलाय ना? मग लाव की! विचारतोस काय?"

अहाहा! त्याचं तोंड एवढंसं झालं. लावली मुकाट्यानं. प्लेट नेमकी मधोमध राहावी म्हणून झाडूच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून मी एक गज केलाय, तो भोकात घालून सरळ केली. "भारी आयडिया आहे, बाबा!" म्हणाला. मस्का.

दोन घास जास्त जेवलो. बायको म्हणाली, "आज काय विशेष?" म्हटलं, काही नाही, हवा चांगली आहे.


८ नोव्हेंबर, मंगळवार

कालचं सगळं आज पाण्यात.

गाडीखालून बोललेलं वर नीट ऐकू येत नाही, म्हणून आमची एक खूण आहे. पान्यानं लोखंडावर ठोकायचं. एकदा ठोकलं तर वर. दोनदा, खाली. तीनदा, थांब. चिमीला लिहा-वाचायला यायच्या आधी हे यायचं. जॅकवरचा तिचा हात आणि माझा ठोका, मधे शब्द नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, बापलेक भांडलेत वाटतं, बोलत नाहीत. आम्ही तर गप्पा मारत असायचो!

आज गिअरबॉक्स जॅकवर ठेवून वर चढवायचा होता. मी टॉर्च घेऊन स्टुलावर. आणि खालून आवाज आला — टक.

चिमीनं जॅक चढवला.

टक. आणखी थोडा. टक-टक. उतरवला. टक-टक-टक. थांबली. मान तिरकी, जीभ दातांत धरलेली, अगदी माझ्या ठोक्यांवर करायची तशीच. फक्त खालचा माणूस वेगळा. शिकवलं कधी तिनं हे? मी आंघोळीला गेलो होतो तेव्हा? एवढं सहज देऊन टाकायचं? मला उठून निघून जावंसं वाटलं. गेलो नाही. टॉर्च कुणी धरली असती?

गिअरबॉक्सचा पुढचा दांडा प्लेटच्या भोकातल्या दात्यांत शिरेना. बोटभर फट राहिली. मी मनात म्हटलं, आता हा बोल्ट आवळून ओढणार. नवखे सगळे तेच करतात आणि दांडा तरी वाकवतात नाहीतर प्लेट तरी मोडतात. मोडू दे. कळू दे जरा! पण त्यानं ओढलं नाही. खालून विचारलं, "बाबा, आता काय करू?"

सांगायचं नव्हतं मला. दात आवळून बसलो होतो. पण गिअरबॉक्स बिचारा अधांतरी लटकलेला, त्याचा काय दोष? "चौथा गिअर टाका," म्हटलं, "आणि मागचं टोक हातानं हळूहळू फिरवा. ढकलू नका. फिरवत राहा. तो आपला आपण आत जाईल."

फिरवलं. खट्! फट मिटली. त्या आवाजासाठी माणूस ही गाडी ठेवतो.

चिमी खाली वाकून ओरडली, "जमलं रे तुला!"

तुला! आणि सांगितलं कुणी? स्टुलानं?

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर बायको माझ्याकडे न बघताच म्हणते, "करपल्याचा वास येतोय."

"गॅस बघ मग."

"गॅस बंद आहे. तुम्ही जळताय."

"मी? त्या दातवाल्यावर?"

"सुनेवर जळणाऱ्या सासवा ढिगानं पाहिल्यात. जावयावर जळणारा सासरा पहिल्यांदाच बघतेय हो. लोकांना सांगायची सोय नाही."

मी म्हटलं, तू त्याला जेवताना दोन-दोनदा वाढतेस, ते आधी बंद कर. तर पदरात तोंड लपवून हसली. "आता त्याच्या घासांवरही नजर!"


९ नोव्हेंबर, बुधवार

उरलेलं सगळं जोडलं. तेल भरलं. इंजिन चालू केलं, बेडकी वर्ष-दीड वर्षानं घुमली. चिमी आत बसली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकायला गेली आणि — करर्रर्र! अंगावर काटा आला. पुन्हा क्लच दाबून पाहिला, तेच. क्लचची तार ओढून पाहिली, सैल करून पाहिली. तेच. क्लच सुटतच नाही. गिअर पडणार कसा?

चिमी त्याच्याकडे वळली. "नीट बसवलंयस ना तू?"

लपवून काय करू, मला बरं वाटलं. माझी गाडी, माझा क्लच, माझा गिअर, आणि तो पडत नाही याचा मला आनंद! कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

उद्या सगळं परत खाली.


१० नोव्हेंबर, गुरुवार

कसं लिहू?

गिअरबॉक्स उतरवला. क्लचचं झाकण सोडवलं. दातवाला पाठीवर पडूनच ती प्लेट दिव्यासमोर धरून बघत राहिला. मी टॉर्च घेऊन वाकलो होतो, मलाही दिसलं. जी बाजू चालवणाऱ्याकडे होती, तिच्यावरच गुलाबी ठिपका होता. म्हणजे त्यानं बरोबर लावली होती. ठिपकाच चुकीच्या बाजूला होता.

ठिपका माझा.

बाकावरच्या जुन्या प्लेटकडे पाहिलं. जाऊन उलटली. हिच्यावरचा ठिपका खालच्या अंगाला! ती पालथी पडलेली होती आणि मी नवी तशीच पालथी ठेवून वरून ठिपका दिला. उलटून बघायचं एवढंसं काम. पण माझे कान गाडीखाली होते ना, ते काय खिदळतायत ते ऐकायला!

"काय रे, दिसलं का काही?" चिमीनं जॅकजवळून विचारलं.

बोलायला तोंड उघडलंही होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. त्याच्या आत त्यानं हातातलं फडकं थिनरच्या डबीत बुडवलं, प्लेटवरून एकदा फिरवलं आणि बाहेर सरकत म्हणाला, "उलटी बसली गं. माझंच चुकलं. ठिपका नीट बघितलाच नाही मी."

मग चिमीनं त्याला जे फैलावर घेतलं! "ठिपका ड्रायव्हरकडे! दोन शब्द आहेत, दोन! दाढ काढताना पण अशीच शेजारची काढतोस का? बाबानं सांगितलं होतं, मी सांगितलं होतं. वर शहाणपणा करून बाबालाच विचारत होतास, बाजू बरोबर आहे का म्हणून!"

तो नुसता "सॉरी, सॉरी" म्हणत हात पुसत होता. त्याचा अंगठा गुलाबी झाला होता.

आणि मी? मूग गिळून उभा. भर दिवसा हातात टॉर्च जळत होती, ती बंद करायचंही सुचलं नाही.

आता मी जळू तरी कशावर? हसण्यावर जळून झालं, पान्यावर झालं, ठोक्यांवर झालं. आता माणूस म्हणूनही हा माझ्यापुढे? हे मात्र फार झालं! चिडला असता, "बघा, मी म्हणत नव्हतो?" असं तोंडावर फेकलं असतं, तर मी त्याला पुरून उरलो असतो. हे काय? असं कुणी वागतं का?


११ नोव्हेंबर, शुक्रवार

नवा ठिपका चिमीनं दिला. आधीचा फडक्यानं पुसला गेला, असं दातवाल्यानं तिला सांगितलं होतं. जुनी प्लेट उलटून, नीट ताडून. मग माझ्यापुढे धरली. "बाबा, तू एकदा बघ. तू बघितलंस की माझी काळजी मिटली."

बघितलं. बरोबर आहे म्हटलं. चहा तसाच ठेवून उठलो.

बायकोला मात्र सांगून टाकलं. ती म्हणाली, "चिमीला सांगा."

"सांगतो."

सांगितलं नाही. प्लेट बसवली, गिअरबॉक्स चढवला. दातवाल्यानं ठोके दिले, चिमीनं जॅक हलवला, मी टॉर्च धरली. आज मला राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं, सवयीचा तरी आहे.


१२ नोव्हेंबर, शनिवार

पडला! पहिला पडला, दुसरा पडला, चारही पडले, मागे जायचाही पडला. बेडकी घोड्यांवरून उतरली आणि स्वतःच्या चाकांवर उभी राहिली.

बेडकीत सीट दोनच. हा दिवस मी मनातल्या मनात किती वेळा चालवलाय — मी स्टीअरिंगवर, शेजारी चिमी, खिडकीबाहेर तिचा हात. मी चावी घेऊन आलो तर ती आधीच शेजारच्या सीटवर बसलेली! केस मागे बांधून, जय्यत तयार. "चल बाबा, बस ना!" त्या क्षणाला मला आणखी काही नको होतं. दारावर हात ठेवला. समोर फाटक उघडून, ते हातानं धरून दातवाला उभा. आम्हाला जायला वाट करून देत होता. फाटकावरच्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला अजून गुलाबी होतं. थिनरनं तिथलं जात नाही.

मी चिमीला म्हटलं, "उतर."

"काय?"

"उतर म्हटलं ना. यांना बसू दे."

तिचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण उतरली.

शाळेची भिंत गेली, पाण्याची टाकी गेली. गिअर बदलताना खांदा कळ मारत होता. टाकीच्या पुढच्या वळणावर शेवटी म्हटलं, "ठिपका माझा चुकला होता."

"हो."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"तेव्हा नुसती शंका होती. परवा खात्री झाली."

"मग बोलला का नाहीत? वर शिव्या खाल्ल्यात!"

तो म्हणाला, "बाबा, आमच्याकडे चिमी कशावर म्हणजे कशावर विश्वास ठेवत नाही. मी कुलूप लावलं की ओढून बघते. दूध ताजं आहे म्हटलं तरी वास घेते. मी दिवसाला वीस माणसांचे दात बघतो, पण तिचा दात दुखला तर म्हणते दुसऱ्या कुणाला तरी विचारूया. फक्त तुमचा ठिपका आहे म्हटलं की ती डोळे मिटते. असं तिचं एकच ठिकाण आहे. ते मी कशाला मोडू?"

मी गाडी कडेला घेतली. चालवताच येईना.

तो हसला जरासा. "आणि खरं सांगू का, रागावणार नसाल तर? मी जळतो तुमच्यावर. घरात खिळा ठोकला तरी ऐकावं लागतं, बाबानं दोन ठोक्यांत बसवला असता. नळ दुरुस्त केला तर म्हणते, छान झालाय, बाबा आला की दाखवू. म्हणून तर आलो इथे. म्हटलं, बघू तरी हा माणूस करतो काय एवढं!"

हा! माझ्यावर! मला हसावं की रडावं कळेना. मग माझंही तोंड सुटलं. खांदा वर्षभर आखडलाय, चिमीला सांगितलेलं नाही, डॉक्टरकडे जायची भीती वाटते, पानाही धरवत नाही, ठिपका देताना माझं लक्ष कुठे होतं आणि का — सगळं एकदम बाहेर पडायला लागलं. त्यानं डॅशबोर्डवर बोटानं ठोकलं. टक-टक-टक.

थांबलो.

जरा वेळानं चावी त्याच्यापुढे धरली. "घे. तू चालव आता." तू — गेलं तोंडातून. दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खाली उतरून जागा बदलल्या. चांगली चालवतो. क्लचवर पाय ठेवून बसत नाही.

घरी आलो तर चिमी फाटकातच, हाताची घडी घालून. "एवढा वेळ? काय बोलत होतात दोघं?"

मी म्हटलं, "याला उगाच बोललीस तू. याचं काही चुकलं नव्हतं."

"मग कुणाचं चुकलं?"

मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. "प्लेटचं," मी म्हटलं. आणि आम्ही दोघं जे हसत सुटलो! ती मधे उभी. "काय झालं? मला सांगा ना! बाबा, सांग ना!"

नाही सांगितलं.


१३ नोव्हेंबर, रविवार

गेले. टॅक्सीत बसता बसता चिमी म्हणाली, "झाली बाबा तुझी बेडकी! सुटलास एकदाचा."

सुटलो म्हणे.

चादर घडी घालून बाकावर ठेवली. बाक ओकाबोका दिसतो. घडीच्या खाली काहीतरी टोचलं म्हणून बघितलं तर दातांचा आरसा. नको म्हटलेलं असतानाही ठेवून गेलाय.


१६ नोव्हेंबर, बुधवार

खांदा दाखवून आलो. व्यायाम दिलेत. रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. बायको मोजते आणि ओरडते.

गॅरेजात काही काम नाही.


२० नोव्हेंबर, रविवार

सकाळी फोन केला. चिमीला नाही. त्याला.

"अरे, दुसरा गिअर जरा अडकतोय रे. पुढच्या रविवारी येतोस का बघायला? तिला रजा नसेल तर एकटा आलास तरी चालेल."

"येतो, बाबा. आरसा आहे ना तिथे?"

मागून चिमीचा आवाज — "बाबाचा फोन? तुला? मला का नाही केला?" चांगलाच चढलेला. तो सूर माझ्या ओळखीचा आहे.

आत्ताच बेडकी घेऊन बाजारात जाऊन आलो. दुसरा गिअर लोण्यासारखा पडतो.